शिरोड्याच्या उकाड्याचं उत्तर गटारात नाही

"वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो त्या गावाने पावसाचं पाणी अडवायला बागा कशाला करायच्या?" कोकणातल्या शिरोड्यात, वेंगुर्ल्यात किंवा सावंतवाडीत, कुठेही रेन गार्डनचा विषय काढा, हा प्रश्न ठरलेला. विचारणारी माणसं अडाणी नसतात. त्यांत इंजिनीयर असतात, कंत्राटदार असतात, ग्रामपंचायतीत हयात घालवलेले जाणते असतात. त्यांचं म्हणणं असं की ही कल्पना परदेशातली, तिथल्या कोरड्या शहरांसाठीची. आपल्याकडे पाणी कमी पडत नाही, ते लवकर निघून जात नाही ही आपली अडचण. म्हणून पक्कं गटार बांधावं, वाटेला आणि अंगणाला पेव्हर ब्लॉक घालावेत, पाणी समुद्राकडे लावून द्यावं. पाणी साठवलं तर डास होतात. आणि इथल्या दमट हवेत झाडं-पाणी आणखी वाढवलं तर गारवा येणं दूरच, घामच वाढेल.

या म्हणण्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. गप्प बसलं की पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पुन्हा गटार आणि पुन्हा पेव्हर ब्लॉक येतात, आणि मे महिन्यात तीच माणसं विचारतात, गावात एवढं गरम पूर्वी होत नव्हतं, आता का होतं?

आधी "परदेशातली कल्पना" हा आक्षेप. रेन गार्डन किंवा पाऊसबाग म्हणजे छपराचं, अंगणाचं किंवा रस्त्याचं पाणी येऊन थांबेल असा वीतभर खोलीचा पसरट खळगा. तळाला पाणी झिरपू देणारी माती, त्यात ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडं, आणि खळगा भरला की जादा पाण्याला ठरवून दिलेली वाट. या नावाने आणि या मापाने ही रचना १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस परगण्यात उभी राहिली, हे खरं. पण मेरीलँडचा उन्हाळा कोरडा नसतो, तोही घामट असतो. आणि भरपूर पावसाच्या गावाला ती चालत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी सिंगापूरकडे पाहावं. विषुववृत्ताजवळचं बेट, वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, बारा महिने दमट हवा. त्या देशाने २००६ पासून पाण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्यात रस्त्याकडेला, शाळांत, इमारतींच्या आवारांत रेन गार्डन करणं हाही एक भाग आहे. म्हणजे मुसळधार पाऊस हे या बागा न करण्याचं कारण तिथे ठरलेलं नाही. आपल्याकडेही न्हाणीचं पाणी अळवाच्या, केळीच्या आळ्यात सोडायची रीत प्रत्येक जुन्या घरामागे दिसेल. तत्त्व तेच आहे. न्हाणीच्या पाण्याला जे परड्यात मिळतं ते छपराच्या पाण्याला का मिळू नये, एवढाच प्रश्न आहे.

आता पाणी कमी पडत नाही, या विधानाकडे वळू. जुलैपुरतं ते खरं आहे. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस पडला की ३ लाख लिटर पाणी होतं. एका घराचं. पन्हळीतून ते सिमेंटच्या अंगणावर, अंगणातून गटारात, गटारातून व्हाळात, आणि भरतीओहोटीच्या हिशेबाने खाडीत जातं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्यातलं फारसं काही आपल्या जमिनीत राहिलेलं नसतं. मग एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो आणि किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ लागतं.

मचूळ का लागतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. वेळागरच्या बाजूला सुरूच्या बनामागे, माडांच्या बागांखाली जी रेताड जमीन आहे, तिच्या पोटात पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं, असा किनारी भूजलाचा जुना आणि सर्वमान्य हिशेब आहे. याचाच दुसरा अर्थ असा की वरची पातळी थोडी जरी उतरली तरी खालून खारं पाणी तिच्या कितीतरी पट वर चढतं. पंप लावून उपसायचं आणि वरून पाणी मुरायला जागाच ठेवायची नाही, तर विहीर खारी होणार. रेतीची जमीन पाणी पटकन पिते. तिच्यावर सिमेंट ओतणं हे शिरोड्यासारख्या गावातलं सगळ्यात महागडं काम आहे, अंदाजपत्रकात त्याचा दर कितीही कमी दिसला तरी.

पाण्याचा आणि उकाड्याचा संबंध काय, असं इथे कुणी विचारील. संबंध थेट आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांत झाडाच्या मुळाला ओल मिळाली तर पानं हिरवी राहतात, दाट राहतात, पाणी हवेत सोडत राहतात. ओल नसली की झाड स्वतःला वाचवायला पानांची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं, काही झाडं पानं गाळतात. सावली विरते. मे महिन्यातला आपला जीव जूनच्या पाण्याचं आपण काय केलं यावर अवलंबून असतो. पाऊसबागेचा गारव्याशी असलेला मुख्य संबंध हाच आहे. पावसाळ्यात तिच्यात साचलेल्या पाण्याने कुणाला थंड वाटावं म्हणून ती करायची नसते.

यानंतर तो दमटपणाचा मुद्दा. विरोधकांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. हवेत ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ते ४१ अंशांसारखं जाणवतं. कारण घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. अशा हवेत पानांनी आणखी बाष्प सोडलं तर त्रास वाढेल, असं वाटणं साहजिक आहे. पण इथल्या हवेतली ओल येते कुठून? समोर अख्खा अरबी समुद्र पसरला आहे. दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला की तो जे बाष्प घेऊन येतो त्यापुढे घराच्या कडेच्या दहा-बारा चौरस मीटर बागेची भर नगण्य असते, आणि तोच वारा ती भर उचलून पुढेही नेतो. अट एवढीच, की वाऱ्याला वाट हवी.

दमट हवेत बाष्पीभवन होतच नाही असं मानणाऱ्याने शिरोड्याच्या मिठागरांवर एक दुपार उभं राहावं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात खेळवायचं, प्रत्येक वाफ्यात ते दाट होत जातं, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरतं. समुद्राच्या पाण्याचे साधारण नऊ हिस्से उडून जाऊन एक हिस्सा उरेपर्यंत मीठ धरायला लागत नाही. नऊ हिस्से पाणी या गावाची दमट हवा, ऊन आणि वारा मिळून दरवर्षी उडवतात, आणि तेही खाऱ्या पाण्याचे, जे गोड्यापेक्षा सावकाश उडतं. १९३० च्या मे महिन्यात ज्या मिठासाठी सत्याग्रहींनी इथे लाठ्या खाल्ल्या ते मीठ याच बाष्पीभवनाने तयार झालेलं होतं. ज्या गावाचा एक जुना धंदा पाणी उडण्यावर उभा आहे, त्या गावात "इथे पाणी उडत नाही" हे बोलणं टिकत नाही.

पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आणि ती थोडी नसते. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. मुळाशी ओल असलेल्या झाडाच्या पानांतून दिवसभरात १०० लिटर पाणी गेलं तर ६८ युनिटांइतकी उष्णता त्या जागेतून उचलली जाते. दीड टनाचा एसी तासाला साडेपाच युनिटांच्या आसपास उष्णता खोलीबाहेर फेकतो, म्हणजे तो बारा-तेरा तास चालावा लागेल. अर्थात एसी बंद खोलीत चालतो आणि झाड मोकळ्या हवेत असतं, त्यामुळे झाडाखाली खोलीसारखी थंडी पडत नाही. हे झाडाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही लपवू नये. किनाऱ्यावरच्या दमट दिवसांत हवेचं तापमान अंशा-दोन अंशांनी उतरलं तरी पुष्कळ.

पण इथली हवा रोज दमट नसते, हे विरोधक विसरतात. मार्चमध्ये असे दिवस येतात की पूर्वेकडून, घाटाकडून कोरडा वारा वाहतो आणि समुद्राकडचा वारा सुटायला दुपार उलटते. कोकण किनाऱ्याला उष्णतेची लाट नेमकी याच दिवसांत येते. हवामान खात्याने किनारपट्टीसाठी लाटेची खालची मर्यादा ३७ अंश ठेवली आहे, मैदानी भागासाठी ४०. म्हणजे आमच्या ३७ अंशांचा त्रास मोठा आहे हे सरकारी निकषानेही मानलेलं आहे. त्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत पानांतून उडणारं पाणी हवा खरोखर निववतं. त्या वेळी जमिनीत ओल असली तर. पावसाळ्यात मुरवलेली ओल गावाच्या कामाला येते ती याच दिवसांत.

उरले एप्रिल-मेचे चिकचिकीत दिवस. त्या दिवसांत माणसाला आराम हवेच्या तापमानापेक्षा दोन गोष्टींवर ठरतो: अंगावर येणारी उष्णतेची झळ आणि अंगाला लागणारा वारा. दुपारी तीन वाजता पेव्हर ब्लॉकच्या अंगणात उभे राहा. डोक्यावरून ऊन येतं, पायाखालून तापलेला ब्लॉक भाजतो, बाजूची सिमेंटची भिंत झळ मारते. काळ्या डांबराचा पृष्ठभाग कडक उन्हात ६० अंशांच्या आसपास जातो, सिमेंट त्याच्या फार मागे नसतं. त्याच वेळी चार पावलांवर दाट झाडाच्या सावलीतली माती हवेच्या तापमानाला धरून असते. दोन्हीकडे थर्मामीटर हवा जवळपास सारखी दाखवील, पण चारी बाजूंनी अंगावर येणारी झळ मोजली तर ऊन आणि दाट सावली यांत २० अंशांहून जास्त फरक पडू शकतो. गावातल्या बाईमाणसाने हे कधी मोजलेलं नाही, पण दिवाळीनंतर खळ्यात झावळांचा माटव घालायची पद्धत याच अनुभवातून आली. सारवलेलं खळं, वर झावळांची सावली, तीन बाजू मोकळ्या. माटवाखाली मे महिन्यातली दुपार काढता येते. आता माटव गेला, खळ्याला ब्लॉक लागले, वर पत्र्याची शेड आली. तापलेला पत्रा आणि तापलेला ब्लॉक यांच्या मध्ये आपण खुर्ची टाकून बसतो आणि पंखा लावतो. रात्री ब्लॉक साठवलेली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून दहा वाजले तरी पडवीत बसवत नाही.

म्हणून दमटपणाच्या आक्षेपाला माझं उत्तर असं आहे: तो वाईट आखणीला लागू पडतो, पाऊसबागेला नाही. चारी बाजूंनी सहा फुटी कंपाऊंड, आत दाट झुडपांची भिंत आणि मधोमध पाणी, अशी बाग केली तर घुसमट होणारच. शिरोड्याची पाऊसबाग वेगळ्या हिशेबाने आखावी लागेल. पश्चिमेची बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे समुद्राचा वारा आत येईल. तिथे कंपाऊंड हवंच असेल तर कमरेएवढा चिऱ्याचा गडगा पुरे. मोठी झाडं उंच बुंध्याची, वर छत्री धरणारी, खाली माणसाच्या उंचीला मोकळी. खळग्यात बसकी झाडं: वाळा, सोनटक्का, कर्दळ, अळू. सावलीसाठी किनाऱ्याजवळ उंडी, कारण ती खारा वारा सोसते आणि तिची पानं दाट. थोडं आत, ओल टिकते तिथे सुरंगी. आरवली-शिरोड्याकडच्या सुरंगीच्या वळेसारांना बाजारात मागणी असते, ते झाड सदाहरित आहे, आणि नवीन सुरंगी लावणारे आता थोडे. बाग घराच्या कुठल्या बाजूला यावी हेही सावलीवरून ठरवायचं. दुपारचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येतं, म्हणून झाडाचा बुंधा त्या बाजूला थोडा दूर असावा, म्हणजे फांदी भिंतीवर सावली धरेल आणि मुळं पायाला लागणार नाहीत.

जमीनही पाहावी लागते. रेताड भागात खळगा करून झाडं लावली की पाणी काही तासांत मुरतं, तिथे उलट पालापाचोळ्याचं खत घालून ओल धरून ठेवावी लागते. जांभ्याच्या सड्यावर वरचा कातळ पाणी पीत नाही, तिथे फोडलेल्या चिऱ्याच्या खडीचा थर आणि वर आणलेली माती, असं करावं लागतं. खाडीकाठच्या खार जमिनीत आणि मिठागरांच्या लगत ही बाग करूच नये, तिथे पाणी मुरणार नाही आणि मिठाचंही नुकसान होईल. घराच्या पायापासून निदान ३ मीटर लांब, शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून दूर. एकच नकाशा सगळ्या गावाला चालवायचा असेल तर मी स्वतः त्या योजनेला विरोध करीन.

डासांचं उत्तर थोडक्यात होतं. "पाणी साठलां काय डास इले" हे बरोबर आहे, पण किती दिवस साठलं हे महत्त्वाचं. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. नीट केलेल्या पाऊसबागेतलं पाणी एक-दोन दिवसांत मुरतं. पावसाळ्यात ते पुन्हा भरतं, पण वाहतं, बदलतं, झिरपतं. मुरत नसेल तर बाग चुकली, ती उकरून दुरुस्त करावी. डेंग्यूचा डास तर करवंटीत, टायरमध्ये, ताडपत्रीच्या घडीत वाढतो. आणि गावातल्या झाकणाखालच्या गटारात, जिथे गाळ बसून उतार मेला आहे, तिथे महिनोन् महिने साचलेलं पाणी असतं. डासांची काळजी असेल तर सुरुवात त्या गटारापासून करायला हवी.

खर्चाबद्दलही बोललं जातं. खळगा खणायला, खडी-माती टाकायला, रोपं लावायला गावातलेच मजूर लागतात आणि साहित्यही आसपासचंच. निगा मात्र राखावी लागते. पावसाआधी पाणी येण्याची वाट साफ करायची, साचलेला गाळ काढायचा, पहिली दोन वर्षं रोपांना उन्हाळ्यात पाणी घालायचं. जो कुणी सांगेल की ही बाग एकदा केली की बघावी लागत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तिच्याकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला तर १०० चौरस मीटरच्या छपरावरून १०,००० लिटर पाणी येतं, आणि १० चौरस मीटरची वीतभर खोल बाग त्यातलं दोन हजारांच्या आसपास धरते. बाकीचं वाहणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, अशा पावसापुढे बागा पूर थांबवत नाहीत. म्हणून गटारं बंद करा असं मी म्हणत नाही. आधी बाग आणि तिच्यातून ओसंडलेलं पाणी गटारात, असा क्रम हवा. आज पाणी सरळ गटारात जातं, मध्ये मुरायला जागाच नाही. आमच्या पावसाचा मोठा भाग तासाला १०० मिलिमीटरने पडत नाही, तो रात्रंदिवस झिमझिमत पडतो. त्यातला बराचसा या बागा पिऊ शकतात.

पर्यटन वाढलं तसं किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या आवारांत पाण्याची शोभिवंत डबकी, पांढरे गोटे आणि मध्ये हिरवळ असलेल्या "नैसर्गिक" बागा दिसू लागल्या आहेत. त्यांना मात्र पाऊसबाग म्हणू नये. हिरवळीची सावली पडत नाही, ती उन्हाळ्यात बोअरचं पाणी पिते, म्हणजे जे गोडं पाणी जपायचं तेच उपसते. पर्यटकाच्या फोटोसाठी केलेल्या अशा बागेमुळे खऱ्या पाऊसबागेचं नाव खराब होतं, आणि "बघा, पाणी किती लागतं" म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं.

शिरोडा ग्रामपंचायतीचं गाव आहे, पण त्याची बाजारपेठ शहरासारखी दाट झाली आहे. उकाडा शहराचा आणि यंत्रणा गावाची, ही कोंडी किनाऱ्यावरच्या इतर गावांतही आहे. म्हणून मागणी साधी ठेवतो. येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र आणि मंदिरांच्या आवारांत यापुढे सलग पेव्हर ब्लॉक घालायचे नाहीत, छपराचं पाणी आधी झाडांच्या खळग्यात सोडायचं. नवीन गटाराच्या प्रत्येक कामात बाजूला मुरण्याची जागा सोडली आहे का, हे अंदाजपत्रकात दाखवल्याशिवाय मंजुरी द्यायची नाही. आणि आठवडी बाजाराच्या जागेत पत्र्याची आणखी शेड टाकण्याआधी सावलीची झाडं लावायची, त्यांच्या आळ्यात त्याच जागेचं पावसाचं पाणी न्यायचं. भाजी-मासळी घेऊन दुपारपर्यंत उन्हात बसणाऱ्या बायकांना या झाडांची गरज आपल्या कुणापेक्षाही जास्त आहे. रोपं आता ठरवली तर मृगाला लावता येतील. ग्रामसभेची नोटीस लागली की जा, आणि हे तीन विषय लेखी द्या.